पान तीनवरची चौकट

लोणावळ्यात राजेश्वरी ओव्हाळला 'संपादक' म्हणणारी माणसं दोनच. एक पोस्टमन, कारण पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. दुसरा तिचा नवरा रतन, आणि तोही घरात भाजीला काही नसलं तरच. "काय संपादक, आज अग्रलेखच खायचा का?" असं विचारतो आणि मग स्वतःच कांदे चिरायला बसतो. बाकी सगळ्या बाजारपेठेला ती ताई. 'मावळजाग' या चार पानी साप्ताहिकाची मालक ती, वार्ताहर ती, जाहिराती आणणारी ती, मजकूर जुळवणारी ती आणि गुरुवारी सकाळी स्कूटीवर पायाशी गठ्ठा ठेवून वाटायला निघणारीही तीच. एवढी कामं एका बाईनं करायची म्हणजे अंगात काहीतरी ठासून भरलेलं असावं लागतं. राजेश्वरीच्या अंगात उत्साह भरलेला होता, आणि तो सारखा उतू जायचा.

म्हणजे बघा, खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात कुणाचीशी म्हैस उतरली आणि बाहेर निघेना. एवढीच बातमी. पण राजेश्वरी ती सांगायला लागली की चिक्कीच्या दुकानातली गिऱ्हाइकं सुटे पैसे घ्यायचं विसरत. तिचे हात असे काही चालत की समोरच्यानं चहाचा कप आधीच बाजूला सरकवून ठेवावा. एरवी ती अगदी शहरी, नीटस बोलायची. पण अंगात आलं की तिची भाषा माहेरच्या वाटेनं धूम पळायची. 'नाही'चं 'न्हाई' झालं, की रतन ओळखायचा, आता हिला थांबवण्यात अर्थ नाही.

हा पेपर काही तिच्या बापजाद्यांचा नव्हता. ती तिथं कंप्युटरवर मजकूर टाईप करायला लागली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि बुधवारी पेपर. जुने मालक भिकाजीराव डोळ्यांनी अधू झाले, मुलीकडे नाशकाला जायला निघाले, तेव्हा किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाले, "चालव. पैसा मिळणार नाही, पण सगळा तालुका ओळखीचा होईल." दोन्ही गोष्टी अगदी शब्दशः खऱ्या झाल्या.

खरं दुखणं वेगळंच होतं. पेपर वाचतंय कोण? घाटात गाडी कलंडली, तर ती सरळ व्हायच्या आत तिचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर. राजेश्वरीची बातमी पोचायची गुरुवारी. तोवर गाडीवाला बरा होऊन घरी गेलेला असायचा. पहिल्या पानावर बातम्या, दुसऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, चौथ्यावर श्रद्धांजल्या आणि शाळांचे कार्यक्रम. ज्याचा वाढदिवस तो आपला फोटो बघायचा, ज्याच्या घरचं माणूस गेलं तो त्या चौकटीपुरता पेपर कापून ठेवायचा, आणि उरलेला 'मावळजाग' फडताळात अंथरला जायचा. लोक मान देत, चहा देत, बसायला खुर्ची देत. वाचत मात्र नसत.

मग हा गाडा चालत होता कशावर? तर पान तीनवर. पान तीनवर असायच्या जाहीर नोटिसा. मावळात जमिनींचे व्यवहार धडाधड होतात. घेणाऱ्याचा वकील पेपरात नोटीस देतो, की अमुक जमीन आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा काही हक्क असेल तर चौदा दिवसांत लेखी कळवा, नाहीतर तो तुम्ही सोडून दिला असं आम्ही समजू. रीतच आहे ती. तळेगावचे वकील आकाश पडवळ अशा नोटिसा हमखास 'मावळजाग'लाच देत. माणूस गोड बोलणारा, पैसे वेळेवर देणारा. एकदा राजेश्वरीनं सहज विचारलं, "वकीलसाहेब, एवढे मोठे पेपर सोडून तुम्ही माझ्याकडेच कसे येता?"

ते हसून म्हणाले, "ताई, मोठ्या पेपरात दिलं की चुलते, मावसबहिणी, कुठले कुठले भाऊबंद उगवतात. तुमचा पेपर कसा, शांत आहे."

शांत! हा शब्द तिच्या वर्मी बसला. घरी येऊन तिनं पर्स खुर्चीवर आपटली. "माझा पेपर कुणी वाचत नाही म्हणून तो मला जाहिरात देतो! वाचू नये म्हणून छापायचं! हा काय धंदा झाला?" रतन खंडाळ्याच्या हॉटेलात वीज दुरुस्तीचं काम करतो, माणूस मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "त्या नोटिसा गेल्या तर पेपर बंद पडेल." आणि खरं सांगायचं तर त्या नोटिसा राजेश्वरी स्वतः तरी कुठं वाचत होती! ईमेल यायची, मजकूर उचलायचा, चौकटीत ओतायचा, अक्षर इतकं बारीक करायचं की ठरलेल्या जागेत बसलं पाहिजे, आणि झालं. हलवाई स्वतःचे पेढे खात नाही, त्यातलाच प्रकार.

तर नोव्हेंबर सरत आला होता. भातं निघाली होती, खळ्याखळ्यावर झोडणी चालली होती. या वर्षीच्या इंद्रायणी तांदळावर काहीतरी चटकदार लिहावं म्हणून एका बुधवारी, त्या आठवड्याचा अंक छापखान्यात धाडून, राजेश्वरी जवळच्याच औंढे गावी गेली. तिथं खालच्या बौद्धवस्तीत अंबूबाई राहते. नात्यानं लांबची मावशी, वयानं ऐंशीच्या पुढची, आणि जिभेनं अजून विशीतली. अंगणात बाजेवर 'मावळजाग' पसरून म्हातारीनं त्यावर भोपळ्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. आपला पेपर बघून राजेश्वरीला आधी आनंद झाला, मग बिया बघून तो निम्मा झाला.

अंबूबाईनं बिया हातानं बाजूला सारल्या आणि एका जागी बोट ठेवलं.

"व्हय गं राजे, ह्यात कोण गेलंय?"

"कशात, मावशी?"

"ही चौकट बघ की. काळी चौकट हाय, खाली बारीक बारीक लिवलंय, आन् फोटू न्हाई. बिचाऱ्याचा येक फोटू बी न्हवता का घरात?"

राजेश्वरीला हसू आवरेना. "अगं मावशी, ही श्रद्धांजली नाही. नोटीस आहे, जमिनीची."

"आसंल. पर वाच तर खरी. मला वाटलं, कोण लावारिस मेला, त्याची कुणी इचारपूस बी केली न्हाई."

मग राजेश्वरीनं पेपर उचलला, बिया झटकल्या आणि सभेत वाचावं तशी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. हळू वाचणं तिला जमतच नाही. "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे औंढे, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील..." शेजारच्या खळ्यावर झोडणाऱ्या बायांचे हात थांबले. आपल्या गावाचं नाव छापून आलंय म्हटल्यावर कुणाचे हात चालतील? राजेश्वरी पुढे वाचत गेली. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावठाण, दक्षिणेस दगडी बांध...

"थांब," अंबूबाई म्हणाली. "वढा, गावठान आन् दगडी बांध. मंजे मधी आपली पानंद आली का न्हाई?"

पाणंद म्हणजे दोन बाजूंनी निवडुंग आणि घाणेरीचं कुंपण असलेली, एक गाडी जाईल एवढी मातीची वाट. औंढ्याची पाणंद गावातून निघते, वस्तीच्या अंगावरून जाते, ओढा ओलांडते आणि पलीकडच्या शेतांत शिरते. ओढ्याच्या पलीकडे, शेतांच्या आधी, गावाची मसणवट आहे. गाववाल्यांचा ओटा वेगळा, वस्तीचा वेगळा. एके काळी या गावात पाणी भरायच्या जागा वेगळ्या होत्या, बसायच्या उठायच्या जागा वेगळ्या होत्या. शेवटची वाट मात्र दोघांनाही तीच एक.

राजेश्वरीनं पुढची ओळ वाचली आणि तिचा आवाज चिरकला. "सदर मिळकतीमधून कोणाचाही जाण्यायेण्याचा रस्ता अगर वहिवाट नाही."

"न्हाई?" अंबूबाई बाजेवरून उठली. "मग आमी काय उडत जातो का काय?"

पाणंद काही सरकारी नकाशावर नव्हती. ती होती ती फक्त पायांखाली. दोन्ही बाजूंची जमीन बंगले बांधणारी एक कंपनी घेत होती, आणि मधली वाट कुणाची नाही असं ठरवून तिला जमिनीत जमा करून टाकत होती. एकदा तारेचं कुंपण पडलं, की मग कोर्टात जा, तारखा घ्या, नातवंडांच्या काळात निकाल बघा. राजेश्वरीनं पेपरावरची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले आणि तिचं धाबं दणाणलं. चौदावा दिवस उद्याच होता!

"आगं बाई, उद्या मुदत संपतीया!" तिची भाषा माहेरी पोचली. "आन् छापलं कुणी हे? म्या छापलं! माझ्या हातानं! येक अक्षर न वाचता!" आणि तिनं भर अंगणात स्वतःच्या कपाळावर हात मारला.

बायांनी भाताच्या पेंढ्या तिथंच टाकल्या. आता गावाला कळवायचं कसं? निम्मं गाव तळेगावच्या कारखान्यांत, पाळीवर. पाव गाव खंडाळ्याच्या हॉटेलांत. गावाचा मोबाईलवरचा ग्रुप होता, पण निवडणुकीत त्याच्यावर इतकी भांडणं झाली की शेवटी त्यावर एकट्या ॲडमिननं लिहायचं असं ठरलं, आणि तो ॲडमिन रात्रपाळी करून फोन बंद ठेवून झोपलेला. घरी जाऊन उठवायला गेलेल्या पोरीला त्याच्या आईनं दारातूनच परत पाठवलं.

"येवढी मोट्यानं वाचतीस," अंबूबाई म्हणाली, "तर भोंग्यावर वाच की."

राजेश्वरीला हेच हवं होतं! ती धावतच देवळाकडे निघाली, मागून बाया, आणि बायांच्या मागून काठी टेकत अंबूबाई. भोंगा भैरवनाथाच्या देवळावर, पण माईक शेजारच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली बजरंग आबांच्या कमरेला. आबा म्हणजे गावातले जुने शेतकरी, देवळाचे कारभारी, आणि नियमाला पक्के. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं. भोंग्यावर दोनच गोष्टी. हरिपाठ आन् मयत. तिसरं काय बी लावलं, तर उद्या पोरं गानी लावत्याल, परवा कुणी भांडनं लावंल. गावानं ठरवलंया."

"मयत चालतं ना, आबा?"

"मयत चालतं."

"मग मयतच सांगते."

"कुणाची?"

"पाणंदीची," राजेश्वरी म्हणाली.

आबा तिच्याकडे बघतच राहिले. "जितीजागती वाट हाय. खोटी मयत सांगून पाप लागतं, ताई."

"उद्या सांजच्याला खरी हुनार हाय, आबा! मग सांगायला भोंगा ऱ्हाईल, आन् न्यायला वाट ऱ्हायची न्हाई."

आबांचं शेत ओढ्यापलीकडचं. वडलांना त्यांनी त्याच वाटेनं खांद्यावर नेलेलं. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि खोली स्वतः उघडली.

खेड्यात भोंगा खरखरला आणि त्यातून टाळ वाजले नाहीत, की सगळ्यांचे कान टवकारतात. चुलीपुढची बाई पळी धरून थांबते, पाराशी बसलेला माणूस बोटातली बिडी विसरतो. कोण गेलं? त्या दुपारी औंढ्याच्या भोंग्यातून एका अनोळखी बाईचा आवाज आला, आणि तो असा ठणठणीत होता की दुःखाची बातमी सांगतेय की लग्नाची वरात बोलावतेय, कुणाला कळेना.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या सर्वांची लाडकी पाणंद, वय कुणालाच ठाऊक नाही, ही उद्या गुरुवारी संध्याकाळी आपल्याला सोडून जाणार आहे. तिच्या पश्चात वरचं गाव, खालची वस्ती, बैलगाड्या, ट्रॅक्टर, शाळेत जाणारी पोरं आणि ओढ्यापलीकडे अगोदरच गेलेले आपले सगळे पूर्वज, असा मोठा परिवार आहे. मरणाचं कारण, एक नोटीस. ती मी आता वाचून दाखवते. नीट ऐका, कारण छापली मीच होती आणि वाचली मीसुद्धा नव्हती."

आणि मग तिनं ती नोटीस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचली, चतुःसीमेसकट, वकिलाच्या पत्त्यासकट. 'निर्वेध', 'बोजा' असले शब्द आले की थांबून अर्थ सांगितला. मावळात जाहीर नोटीस खऱ्या अर्थानं जाहीर झाली ती त्या दिवशी.

माणसं पळत आली! कुणी हातात विळा घेऊन, कुणी अर्धी दाढी करून. रात्रपाळीचा तो ॲडमिनही डोळे चोळत आला, कारण भोंग्यापुढे बंद फोनचं काय चालणार? बौद्धवस्तीतली माणसं एरवी देवळाच्या पारापाशी फारशी रेंगाळत नाहीत. त्या दिवशी पारावर सतरंज्या पडल्या आणि कोण कुठं बसलं हे बघायला कुणाला सवड नव्हती. शाळेतून कोरे कागद आले. राजेश्वरी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती भिरभिरत होती.

"सगळ्यांनी एकच मजकूर उतरवू नका! ज्यानं त्यानं आपलं लिवायचं! तुमी ह्या वाटेनं कदी गेला, कशाला गेला, कुणासंगं गेला, ते लिवा! आपल्याकडं कागद न्हाईत ना? मग हेच आपलं कागद!"

आणि काय एकेक लिहिलं लोकांनी! एकानं लिहिलं, माझी वरात या वाटेनं आली, घोडी ओढ्यात बसली आणि मला पाठुंगळी आणावं लागलं, साक्षीदार पाहिजे तेवढे देतो. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं लिहिलं, मी सायकल इथंच शिकले आणि निवडुंगात पडले, खूण दंडावर आहे. बजरंग आबांनी चष्मा लावून, एकेक अक्षर कोरत, आपल्या वडलांबद्दल लिहिलं. लिहून झाल्यावर ते कुणाला वाचू दिलं नाही, घडी घालून खिशात ठेवलं.

अंबूबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं राजेश्वरीला समोर बसवलं आणि सांगितलं, "लिव. माझी सासू ह्या वाटंनं गेली. सासरा ह्या वाटंनं गेला. मालक ह्या वाटंनं गेला. मी आजून गेले न्हाई. माझी वाट मोकळी ठिवा."

राजेश्वरीनं एकही शब्द न बदलता तसंच्या तसं उतरवलं, आणि म्हातारीनं खाली अंगठा उमटवला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे पेपरचा दिवस. छापखान्यातून गठ्ठा सकाळीच आला होता, पण तो वाटायला वेळ कुणाला! राजेश्वरीनं तो तसाच भाताच्या टेम्पोत टाकला, आणि औंढ्याचं गाव टेम्पोत बसून तळेगावला निघालं. वाटेत बसून बसून करणार काय? लोकांनी गठ्ठा सोडला. आणि राजेश्वरीच्या जन्मात घडलं नव्हतं ते तिनं समोर बघितलं. चाळीस माणसं एकाच वेळी 'मावळजाग' उघडून बसली होती, आणि सगळ्यांनी आधी उघडलं होतं ते पान तीन! "ही कुटली जमीन रं?" "ह्ये तर माझ्या मेव्हन्याचं गाव!" "फोन लाव, फोन लाव त्येला!" टेम्पोत नुसता कल्ला. राजेश्वरी ड्रायव्हरच्या शेजारून मागं वळून वळून बघत होती. तिला रडायलाही येत होतं आणि ओरडायलाही, म्हणून तिनं रतनला फोन लावला आणि नुसतं म्हणाली, "अरे, वाचतायत!"

"कोण?"

"लोक!"

वकील पडवळांचं कार्यालय वरच्या मजल्यावर. जिना भरला, व्हरांडा भरला, उरलेले खाली रसवंतीसमोर उभे राहिले. वकीलसाहेब बाहेर आले ते हातातलं पेन तसंच धरून.

"कशासाठी आलात?"

"हरकत द्यायला," बजरंग आबा म्हणाले. "समद्यांची हाय. येकेक घ्या आन् पोच द्या."

"तुम्हाला कळलं कुठून?"

"पेप्रात आलंतं की," आबा अशा थाटात म्हणाले, जणू रोज सकाळी पेपर वाचल्याशिवाय ते तोंड धूत नाहीत.

वकिलांनी गर्दीत शोधून राजेश्वरीकडे पाहिलं. चिडले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हता. आत बोलावलं, पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्या अशिलाचं फार मोठं नुकसान केलंत. मी तुम्हाला इतकी वर्षं काम देतोय."

पान तीनचा अर्धा भार हाच माणूस उचलत होता. पण बाहेर व्हरांड्यात अंबूबाई जिना चढून आलेली धाप टाकत बसली होती, ते दारातून दिसत होतं.

"साहेब, तुमच्या नोटिशीचं पहिलंच वाक्य काय आहे? तमाम लोकांस कळविण्यात येते. तुम्ही लिहिलं, मी कळवलं. तमाम लोक आलेत. आता पोच द्या."

संध्याकाळपर्यंत पोच देणं चाललं होतं. एवढ्या हरकती डोक्यावर घेऊन व्यवहार करायला कंपनीही काही दूधखुळी नव्हती. महिन्याभरात हद्दी पुन्हा मोजल्या गेल्या, पाणंद बाहेर सोडली गेली, आणि तशी नवी नोटीस द्यावी लागली. पहिली ज्या पेपरात आली त्यातच दुसरी द्यायची, अशी रीत. पडवळांचा माणूस ती देऊन गेला, आणि जाताना सांगून गेला की साहेबांच्या बाकीच्या नोटिसा आता दुसरीकडे जातील. 

एकट्या पडवळांच्या नोटिसा जाऊन भागलं नाही. वकिलांना वकील भेटतात. तोवर बातमी फिरली होती की 'मावळजाग'ची बाई नोटिसा भोंग्यावर वाचते. एकेकानं आपली चौकट उचलली. पुढच्या बुधवारी राजेश्वरी कंप्युटरपुढे बसली तेव्हा पान तीनवर औंढ्याची ती एकच नोटीस होती आणि बाकी पान पांढरंफटक. कचेरीखालच्या गोदामातून चिक्कीच्या गुळाचा वास येत होता. रतन कामावरून येऊन दारात उभा राहिला. त्यानं पान बघितलं.

"वाट वाचली," राजेश्वरी म्हणाली. "पेपर काय वाचत नाही बघ. दोन अंक निघतील, फार तर तीन." तिचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. त्याला त्याचीच भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मावळजागची बाई का तू?" पलीकडून एका बाईचा आवाज कडाडला. "मी झुंबरबाई बोलतीया, औंढ्याच्या शेजारच्या गावनं. तुज्यात काय माणुसकी हाय का न्हाई?"

"काय झालं, मावशी?"

"काय झालं? वर इचारतीस? औंढ्याला पेपर जातो, आन् आमच्याकडं का येत न्हाई? आमच्या जमिनी काय जमिनी न्हाईत? उद्या आमची वाट गिळली कुणी तर आमाला कोण सांगायचं, तुझा बाप? अगं, गेल्या गुरवारी सकाळधरनं दारात वाट बघत बसलो आमी, आन् तुजा पत्ता न्हाई! कसली गं तू पेपरवाली!"

राजेश्वरी उभी राहिली. फोन कानापासून लांब धरला, पुन्हा कानाला लावला. मग तिनं स्पीकर चालू केला आणि रतनचं मनगट असं पकडलं की त्याच्या हातातली डब्याची पिशवी खाली पडली.

"ऐक! रतन, ऐक! पेपर आला न्हाई म्हणून शिव्या घालत्यात! मला! पेपर आला न्हाई म्हणून!"

इतक्या वर्षांत पेपर चुकला तर कुणी हूं का चूं केलं नव्हतं. तापानं फणफणून तिचा एक अंक बुडाला होता, तेव्हा तर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि आता पलीकडून दुसऱ्या कुणीतरी फोन हिसकावून घेतला होता, तिसरा मागून ओरडत होता की पस्तीस घरं आहेत, पस्तीसही घरांची नावं लिहून घे, वर्षाची वर्गणी गोळा करून ठेवलीय, आणि झुंबरबाई त्या दोघांच्या वरताण ओरडत होती की आधी मला बोलू द्या, माझं अजून संपलेलं नाही.

"येते मावशी, गुरुवारी येते," राजेश्वरी ओरडून म्हणाली. "न्हाई न्हाई, थांबा! आत्ताच येते!"

रतननं मागच्या अंकांचा गठ्ठा उचलला आणि स्कूटीकडे निघाला. टेबलावर फोनमधून झुंबरबाई अजून चांगली खडसावत होती, आणि राजेश्वरी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती.